उरलेला चेंडू

८ फेब्रुवारी १९४९ रोजी दुपार कलताना मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारताला कसोटी जिंकायला सहा धावा हव्या होत्या. खेळपट्टीवर दत्तू फडकर आणि गुलाम अहमद. आठ गडी बाद झालेले. यष्टिरक्षक खोकन सेन पहिल्याच दिवशी जायबंदी झालेला, म्हणजे ही शेवटचीच जोडी. गोलंदाज वेस्ट इंडीजचा वेगवान प्रायर जोन्स. षटकातला पाचवा चेंडू पडला आणि पंच बापू जोशी यांनी यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या. वेळ संपली, सामना अनिर्णित. धावफलक ८ बाद ३५५, लक्ष्य ३६१. घड्याळात अजून दीड मिनिट शिल्लक होतं आणि षटकातला एक चेंडू टाकायचा राहिला होता.

तोवर भारतानं एकही कसोटी जिंकली नव्हती. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळल्यापासून सतरा वर्षं उलटत आली होती. त्या दुपारी सहा धावा झाल्या असत्या तर पहिला विजय तिथंच पदरात पडला असता आणि पाच सामन्यांची मालिका १-१ अशी सुटली असती. इतकं सगळं त्या एका षटकावर येऊन ठेपलं होतं, ते ज्याच्या शतकामुळं, तो फलंदाज सांगलीचा होता.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीतला. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, भावंडं आठ. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं कोल्हापूर, मिरज, सांगली या पट्ट्यात शाळा आणि दवाखाने उभे केले होते. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय होतं, सांगलीत मिशनची इंडस्ट्रियल स्कूल होती. या शाळेत हजारे शिकले. फुटबॉलही खेळले. क्रिकेटसाठी मात्र त्या काळी राजाश्रय लागायचा. तो त्यांना देवास थोरली पातीच्या विक्रमसिंहराव पवारांनी दिला आणि पुढं बडोद्यानं दिला. विक्रमसिंहरावांनी ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटला गुरू म्हणून आणलं. हजारे बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून काहीसे विचित्रच उभे राहत. ग्रिमेटनं त्या उभं राहण्याला हात लावला नाही, उलट लेगस्पिनवर मेहनत करून घेतली. मला हा निर्णय फार मोठ्या गुरूचा वाटतो. मुलाच्या अंगातलं काय बदलायचं यापेक्षा काय बदलायचं नाही हे कळणं अवघड असतं.

डिसेंबर १९४३ मध्ये याच ब्रेबॉर्नवर पंचरंगी सामन्यात हिंदू संघानं ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यात विजय मर्चंटच्या नाबाद २५०. हजारे ‘रेस्ट’ या संघाकडून खेळत होते. त्यांचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला, त्यात हजाऱ्यांच्या ५९. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे बंधू विवेक दुसऱ्या टोकाला तासन्‌तास उभे राहिले. भावाभावांची तीनशे धावांची भागी झाली, तीत विवेकच्या २१. तरी सामना डावानं गेलाच. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर समोर असताना हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. कसोटीत असं करणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात भारताचे सहा जण शून्यावर बाद झाले आणि तिथंही भारत डावानं हरला. बुडत्या डावात एका टोकाला हजारे उभे, हे चित्र लोकांच्या ओळखीचं झालं होतं. १९४९ च्या मुंबईत मात्र पहिल्यांदाच डाव बुडत नव्हता.

त्या साली त्यांच्या गावाचाही पत्ता बदलत होता. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झालं होतं. पुढं ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि सांगली ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात गेली. फडकर जन्मानं कोल्हापूरचे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली दोन माणसं त्या दिवशी भारताचा डाव ओढत होती.

वेस्ट इंडीजचा तो दौरा भारतीय गोलंदाजांना फार जड गेला होता. दिल्लीत पाहुण्यांनी ६३१ केल्या, मुंबईच्या आधीच्या कसोटीत ६ बाद ६२९. एव्हर्टन वीक्स नावाचा बुटका, चपळ फलंदाज थांबायलाच तयार नव्हता. दिल्लीत १२८, मुंबईत १९४, कलकत्त्यात १६२ आणि १०१. त्याआधीचं किंग्स्टनचं शतक धरून लागोपाठ पाच डावांत पाच शतकं. सहावं मद्रासला व्हायचं, पण तिथं तो ९० वर धावचीत झाला आणि तो निर्णय बराच काळ वादात राहिला. मद्रासची कसोटी वेस्ट इंडीजनं एक डाव आणि १९३ धावांनी जिंकली. बाकीच्या तीन अनिर्णित. असं १-० मागं पडून भारत पाचव्या कसोटीला ब्रेबॉर्नवर उतरला होता.

पहिल्या डावात वेस्ट इंडीजच्या २८६. फडकरनं चार बळी घेतले. भारत १९३ मध्ये गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात पाहुण्यांना २६७ वर रोखलं ते शूटे बॅनर्जी यांनी. ५४ धावांत चार बळी. बॅनर्जींची ही पहिली कसोटी आणि हीच शेवटची. ॲलन रे ९७ वर गेला, वीक्स ४८ वर. या सगळ्या काळात यष्टींमागं उभे होते कप्तान लाला अमरनाथ, कारण सेन खेळू शकत नव्हता. भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या आणि वेळ होता ३९५ मिनिटं. त्या काळी चौथ्या डावात इतक्या धावांचा पाठलाग करायचं फारसं कुणी मनावर घेत नसे. वेळ काढून सामना वाचवायचा, ही रीत.

सुरुवात वाईट झाली. मुश्ताक अली आणि इब्राहिम नऊ धावा होईतो परत. अमरनाथ आणि रुसी मोदी यांनी डाव सावरला, अमरनाथ ३९ वर बाद झाले. ३ बाद ८१ असताना हजारे आले. मोदी पारशी, उंच, सडपातळ, नजाकतीनं खेळणारा. हजारे गप्प, कंजूष वाटावेत असे, पण चेंडू कुठं पडणार हे आधी समजलेले. दोघांनी १३९ जोडल्या. मोदी ८६ वर गेला, हजाऱ्यांनी १२२ केल्या. ते बाद झाले तेव्हा सामना वाचवायचा प्रश्न उरलाच नव्हता, जिंकायचा प्रश्न होता. जोन्सनं एकेक करत पाच जणांना उचललं, पण फडकर धावा काढतच राहिला.

शेवटच्या तासाभरात कप्तान जॉन गोडार्डच्या वेस्ट इंडीज संघानं वेळ काढायला सुरुवात केली. गोलंदाज लेगच्या बाहेर, बॅट पोहोचणार नाही असे चेंडू टाकू लागले. क्षेत्ररक्षक सावकाश जागा बदलू लागले. चेंडू आणायला यष्टिरक्षक वॉलकॉट स्वतः सीमारेषेकडे चालत जाई, असं त्या दिवसाच्या आठवणींत सांगतात. यात नियमभंग सिद्ध करणं अवघड होतं, कारण तासाभरात अमुक इतकी षटकं झालीच पाहिजेत असं तेव्हाच्या क्रिकेटमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. घड्याळ सांगेल तोवर खेळ, आणि घड्याळाचा काटा आपल्या बाजूनं फिरवायची सोय क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या हातात.

आणि मग ते षटक. पाच चेंडू आणि बेल्स.

हा प्रसंग सांगताना लोक ‘एक चेंडू कमी टाकला’ इतकंच म्हणतात. मला वाटतं नुकसान त्याहून मोठं आहे. सुरू असलेलं षटक पूर्ण करायचं, हा एक नियम. दुसरा नियम असा की षटक संपल्यावर स्क्वेअर लेगचा पंच नेहमीच्या चालीनं चालत यष्टींमागं पोहोचला आणि तोवर वेळ संपलेली नसली, तर नवं षटक सुरू करायचं, आणि सुरू झालेलं षटक पुन्हा पूर्ण करायचं. दीड मिनिटात उरलेला चेंडू टाकून पंचानं तेवढं अंतर चालून जाणं सहज शक्य होतं. म्हणजे हिशेब सात चेंडूंचा होता. सात चेंडू आणि सहा धावा. गोडार्डनं त्या सातांतले सहा लेगबाहेर टाकवले असते, कदाचित शेवटचा गडीही गेला असता आणि मालिका २-० झाली असती. पण तो खेळ खेळायचा राहून गेला.

बापू जोशींना दोष देऊन मोकळं व्हायला मन घेत नाही. पंच षटकातले चेंडू मोजतो ते खिशातल्या खड्यांनी किंवा नाण्यांनी. प्रत्येक चेंडूनंतर एक खडा एका खिशातून दुसऱ्यात, किंवा एका मुठीतून दुसऱ्या मुठीत. दिसायला हे पोरखेळाचं काम आहे. पण त्याच सेकंदाला पंचाची नजर गोलंदाजाच्या पायावर असते, मग चेंडूच्या टप्प्यावर, मग पॅडवर, मग फेकीवर. कान बॅटच्या कडेला. ब्रेबॉर्न तुडुंब भरलेलं, आरडाओरडा शिगेला पोहोचलेला, एका पंचाला चेंडू, घड्याळ, पाय आणि धावा असे चार हिशेब एकदम सांभाळायचे. एक खडा सरकायचा राहिला किंवा दोन सरकले की संपलं. जोशी त्यानंतरही बरीच वर्षं कसोटीत पंच म्हणून उभे राहिले. खेळाडूंचा त्यांच्यावरचा विश्वास त्या षटकानं उडाला नव्हता.

मला जास्त बोचतं ते दुसरंच. मैदानावर त्या क्षणी दोन फलंदाज, अकरा क्षेत्ररक्षक, आणखी एक पंच होता. बाहेर धावलेखक कागदावर प्रत्येक चेंडूचं टिंब काढत बसलेले होते. त्यांच्या वहीत पाचच टिंबं होती. तरी ‘अजून एक राहिला’ ही हाक वेळेत मधल्या माणसापर्यंत पोहोचली नाही, आणि पोहोचली असती तरी बेल्स पुन्हा ठेवल्या गेल्या असत्या का, कोण जाणे. नियम छापलेला होता. त्या दीड मिनिटात तो उच्चारणारा माणूस मिळाला नाही.

पंचाच्या कामातली खरी अवघड जागा हीच आहे. निकाल एका क्षणाला बांधलेला असतो आणि तो क्षण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निसटून जातो. फेकीचा कायदा घ्या. क्षेत्ररक्षकानं यष्टींकडं चेंडू फेकला, कुणाच्या हाती लागला नाही आणि सीमापार गेला. सातारा-सांगलीच्या गल्लीत यावरून रोज भांडणं होतात. कुणी म्हणतं चार, कुणी म्हणतं पळालेल्या धरून सहा, कुणी म्हणतं ओव्हरथ्रोला रनच नाही. पुस्तकातला कायदा नेमका आहे. सीमेच्या चार धावा, अधिक पळून पूर्ण झालेल्या, अधिक चालू असलेली धाव. पण ती शेवटची धाव केव्हा धरायची? चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातातून सुटला त्या क्षणी दोन्ही फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले असतील तरच. चेंडू सीमेवर पोहोचला तेव्हा ते कुठं होते याला काही अर्थ नाही. म्हणून फेक होताना जाणता पंच चेंडूच्या मागं डोळे नेण्याआधी फलंदाजांकडे एक नजर टाकतो. ती नजर चुकली की पुढचं सगळं अंदाजावर.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्येही हाच पेच आहे आणि त्यांनीही तो क्षणालाच बांधून सोडवला आहे. क्षेत्ररक्षकाची वाकडी फेक कुंपणापलीकडं किंवा प्रेक्षकांत गेली की खेळ थांबतो आणि धावणाऱ्या प्रत्येकाला पंच दोन बेस बहाल करतात. दोन बेस कुठून मोजायचे? बॉल हातातून सुटताना तो जिथं होता तिथून. बॉल बाहेर गेला तेव्हा तो कितीही पुढं पोहोचलेला असो. याला एक अपवाद आहे. इन्फिल्डमधल्या खेळाडूनं चेंडू अडवून पहिल्याच झटक्यात ती फेक केली असेल तर मोजणी पिचरनं चेंडू टाकला त्या क्षणापासून. कारण उघड आहे. बॅटनं मारल्यापासून फेकीपर्यंत इतका थोडा वेळ जातो की पंचाला फेकीच्या क्षणाची जागा पाहणं शक्य नाही, आणि चेंडू टाकताना सगळे धावणारे कुठल्या बेसवर होते हे मात्र पक्कं ठाऊक असतं. पिचरचीच फेक बाहेर गेली तर मात्र एकच बेस. माणसाच्या नजरेची मर्यादा ओळखून लिहिलेला हा नियम मला फार आवडतो. जे बघता येणार नाही ते बघायला सांगायचंच नाही, बघता येईल असा आधीचा क्षण धरायचा. क्रिकेटनं हा अपवाद कधी केला नाही.

त्याची किंमत १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर कळली. विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंडला तीन चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. बेन स्टोक्सनं चेंडू मिडविकेटकडं मारला आणि दुसरी धाव घेताना झेप टाकली. न्यूझीलंडच्या मार्टिन गप्टिलची फेक स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली. पंच कुमार धर्मसेना यांनी सहकारी मराय इरास्मस यांच्याशी बोलून सहा धावांची खूण केली. चित्रफितीत स्वच्छ दिसतं की गप्टिलच्या हातातून चेंडू सुटताना स्टोक्स आणि आदिल रशीद दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडून गेले नव्हते. म्हणजे पाच धावा, आणि पुढच्या चेंडूला समोर रशीद. सामना २४१-२४१ असा बरोबरीत सुटला, सुपर ओव्हर १५-१५ अशी सुटली आणि चौकार-षटकार जास्त म्हणून इंग्लंड जगज्जेता झालं. सायमन टॉफेल या माजी पंचानं दुसऱ्याच दिवशी चूक दाखवून दिली. धर्मसेनांनीही पुढं ती मान्य केली. मैदानावर मात्र न्यूझीलंडच्या एकानंही त्या क्षणी हा कायदा काढला नाही. केन विल्यम्सननं काढला नाही, गप्टिलनं काढला नाही. जगातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्यात, डझनावारी कॅमेऱ्यांसमोर, पुन्हा तेच. मुंबईत सहा धावा कमी पडल्या, लॉर्ड्सवर सहाच्या जागी पाच द्यायच्या होत्या.

नियम वेळेत न उच्चारला जाण्याचं आपल्या भागातलं सर्वांत कडू उदाहरण क्रिकेटबाहेरचं आहे. ते १९५२ सालचं, जुन्या सातारा जिल्ह्याच्या कऱ्हाड तालुक्यातलं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वडील दादासाहेब पैलवान, शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. लाल मातीतला माणूस, गादीवरची कुस्ती त्यांना तिथंच नीट भेटली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बाकीची मदत गावोगावहून जमली.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवत वर चढले. जपानच्या शोहाची इशीईबरोबरची लढत लांबली आणि ती त्यांनी गमावली. ती संपते ना संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवविरुद्ध गादीवर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये पैलवानाला किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. तो सांगून वेळ मागायला भारताचा एकही अधिकारी त्या क्षणी तिथं हजर नव्हता, असं या लढतीबद्दल कायम सांगितलं जातं. परक्या देशात, परक्या भाषेत, धापा टाकत असलेला पैलवान स्वतः पंचांशी काय वाद घालणार? थकलेल्या खाशाबांना मामादबेयोवनं हरवलं. इशीईला सुवर्ण, मामादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडनं त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक काढली, सारा मुलूख लोटला. त्या पदकाचा रंग वेगळा असता का, हा प्रश्न आजही गोळेश्वरच्या पारावर निघतो, आणि तो निघणं मला रास्त वाटतं. अर्धा तास खाशाबांच्या हक्काचा होता.

त्याच वर्षी, हेलसिंकीच्या पाच महिने आधी, सांगलीच्या हजाऱ्यांनी १९४९ ची उधारी वसूल केली होती. लाला अमरनाथ आणि मंडळाचं बिनसल्यावर कप्तानपद हजाऱ्यांकडं आलं. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी दिल्लीला नाबाद १६४, मुंबईला १५५ केल्या आणि कानपूरला दोन्ही डावांत शून्य. कानपूर हरल्यानं मालिकेत भारत मागं पडला. शेवटची कसोटी मद्रासला चेपॉकवर होती. मध्येच इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले आणि एक दिवस खेळ थांबला. विनू मांकडनं पहिल्या डावात ५५ धावांत आठ बळी घेतले, दुसऱ्यात ५३ धावांत चार. पंकज रॉयचं शतक, पॉली उम्रीगरच्या नाबाद १३०. स्वतः हजाऱ्यांनी फक्त वीस केल्या. १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. पहिला कसोटी विजय. यावेळी निकाल चौथ्याच खेळाच्या दिवशी लागला. घड्याळाकडं कुणाला बघावं लागलं नाही, षटकातले चेंडू मोजायची वेळ आली नाही.

हजारे तीस कसोटी खेळले, २,१९२ धावा, सात शतकं. १९६० मध्ये त्यांना आणि जसू पटेलांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री मिळालेले ते पहिलेच क्रिकेटपटू. त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं. १९८१ मध्ये त्यांचं ‘अ लॉन्ग इनिंग्ज’ हे आत्मचरित्र आलं, आणि १८ डिसेंबर २००४ ला ते बडोद्यात गेले.

ब्रेबॉर्नवर जे झालं तसं पुन्हा होऊ नये म्हणून कायद्यात जे बदल लागले ते हळूहळू झाले, आणि ते एकट्या त्या सामन्यामुळं झाले असं म्हणता येत नाही. वेळकाढूपणानं जगभरचे सामने नासत होते. १९८० च्या क्रिकेट कायद्यांत शेवटच्या तासात किमान वीस षटकं टाकलीच पाहिजेत अशी तरतूद आली. त्यामुळं वॉलकॉट सीमेपर्यंत चालत जावो किंवा धावत जावो, चेंडू तेवढेच पडणार. आज मोठ्या सामन्यांत मैदानाबाहेर तिसरा पंच असतो, त्याची हाक कानातल्या यंत्रातून थेट मध्यभागी पोहोचते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं चौकार मोजून विश्वचषक द्यायची पद्धत मोडीत काढली. फेकीचा कायदा मात्र आहे तसाच ठेवला. ओलांडलं की नाही, हे बघायचं काम अजूनही आधी मैदानावरच्या दोन माणसांचंच.

भारतात राज्या-राज्यांमधली एकदिवसीय स्पर्धा आज ‘विजय हजारे करंडक’ या नावानं खेळली जाते. त्यात प्रत्येक डाव पन्नास षटकांचा असतो. तीनशे चेंडू, मोजून.